घट्टा घासावा, कापू नये

तळपायाची जाड कातडी घरच्या घरी कमी करता येते. पण त्याआधी पायाला स्पर्श कळतो का, हे पाहायला हवे.

न्हाणीघराच्या कोनाड्यातली वजरी आणि आरशामागे ठेवलेले दाढीचे पाते या दोन वस्तू आपल्याकडे बहुतेक घरांत सापडतात. टाच खरखरीत झाली की पहिली हातात घेतली जाते आणि घट्टा टोचू लागला की दुसरी. पहिलीने सहसा काही बिघडत नाही. दुसरीने मात्र कधी कधी एवढे बिघडते की नखाएवढ्या जखमेपायी बोट, पाऊल आणि प्रसंगी गुडघ्याखालचा पायही गमवावा लागतो.

सातारा आणि सांगली हे तसे पायांनी राबणारे जिल्हे. माण-खटावच्या माळावर मेंढरांमागे चालणारे धनगर, पाटण-जावळीत चिखलात भात लावणाऱ्या बाया, कराड-वाळव्याच्या फडात पाचट तुडवणारे ऊसतोड मजूर, सांगलीच्या हळद बाजारात पोती वाहणारे हमाल, भरतीच्या तयारीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले. पायाला घट्टा नाही असा माणूस यांच्यात शोधूनच काढावा लागेल. त्यामुळे घट्टा हा कोणाला आजार वाटत नाही आणि तो कसा काढायचा हे डॉक्टरांना विचारावे असेही वाटत नाही. बहुतेक वेळा विचारण्याची गरजही नसते. गरज कधी असते, तेवढे ओळखता आले पाहिजे.

कातडी जाड का होते?

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. पापणीवर तिची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढी असते, तर तळपायावर सुमारे दीड मिलिमीटर. या थराच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होतात, वर सरकत जातात, वाटेत कोरड्या आणि चपट्या होतात आणि साधारण महिनाभराने पृष्ठभागावरून झडून जातात. एखाद्या जागी पुन्हा पुन्हा दाब पडला किंवा घर्षण झाले की तिथे पेशी अधिक वेगाने तयार होतात आणि झडायच्या मात्र तितक्या झडत नाहीत. थरावर थर साचतो. हाच घट्टा.

म्हणजे घट्टा हा मळ नव्हे आणि रोगही नव्हे. ती शरीराने स्वतःच घातलेली ढाल आहे. मिरज सतारीसाठी प्रसिद्ध आहे. ती सतार वाजवणाऱ्याच्या बोटांवर तारेने घट्टे पडतात आणि ते पडल्याशिवाय त्याला तासन्‌तास रियाज करता येत नाही. जमिनीवर मांडी घालून काम करणाऱ्यांच्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला काळसर घट्टा दिसतो, तोही असाच. शरीरावर दाब कुठे पडतो याचा घट्टा हा एक नकाशाच असतो.

तळपायाची आणखी एक अडचण आहे. तिथे घामाच्या ग्रंथी भरपूर आहेत, पण त्वचेला तेलकट ठेवणाऱ्या ग्रंथी नाहीत. त्यामुळे तळपाय लवकर कोरडा पडतो. मागून उघडी असलेली सपाट चप्पल घातली की प्रत्येक पावलागणिक टाचेखालची चरबी बाजूंना पसरते. वरची कातडी जाड आणि कोरडी असेल तर ती ताणली न जाता चिरते. यालाच आपण टाचेच्या भेगा म्हणतो. थंडीत माणदेशातल्या कोरड्या हवेत त्या वाढतात, याचे कारण हेच.

जाड कातडीलाही स्पर्श कळतो

‘घट्टा पडलाय म्हणून पायाला काही कळत नाही’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. ते बहुतांशी चुकीचे आहे. २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी केनिया आणि अमेरिका या देशांतल्या लोकांचे तळपाय तपासले. अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे अर्थातच जाड होते. पण त्यांच्या तळपायाची संवेदना त्यामुळे कमी झालेली आढळली नाही. हातातल्या काठीच्या टोकाला खडा लागला तरी तो तळहाताला कळतो, तसेच हे आहे. कडक कातडी दाब गिळत नाही, तो आतल्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचवते.

याचा अर्थ आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. पाय बधिर वाटत असेल, चप्पल पायातून निसटली तरी कळत नसेल, खडा रुतून रक्त आल्यावरच समजत असेल, तर दोष घट्ट्याचा नाही. मज्जातंतू तपासून घ्यायला हवेत. आपल्याकडे त्याचे सर्वांत मोठे कारण मधुमेह आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या अनेकांना तो असल्याचा पत्ताही नसतो.

म्हणून घट्ट्याला हात लावण्याआधी एक साधी चाचणी करावी. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी ती रूढ केली आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. डोळे मिटून आडवे पडावे. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने आपल्या तर्जनीचे टोक दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, क्रम बदलत, एकेक-दोन सेकंद अलगद टेकवावे. दाबू नये, टोचू नये, गुदगुल्या करू नयेत. स्पर्श कळला की पडलेल्याने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असे सांगावे. सहापैकी दोन किंवा त्याहून अधिक ठिकाणी कळले नाही, तर घरी काहीही न करता डॉक्टरांना पाय दाखवावा. मधुमेह असलेल्यांनी चाचणीत सगळे कळले तरी वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावा.

घट्टा, कुरूप की आणखी काही?

सगळी जाड कातडी एका जातीची नसते. घट्टा पसरट असतो, पिवळसर दिसतो, कडेला नेमकी हद्द नसते आणि सहसा दुखत नाही. कुरूप, ज्याला काही भागांत भोवरी म्हणतात, ते लहान आणि गोल असते. त्याच्या मध्यभागी कडक खुंटीसारखा भाग आत रुतलेला असतो आणि वरून दाबले की कळ येते.

कुरूप काटा मोडल्यानेच होते, असा समज आहे. बहुतेक कुरुपे एका बिंदूवर पडणाऱ्या दाबामुळेच होतात. मात्र जत, आटपाडी, माण अशा बाभळींच्या मुलखात काटा खरोखर आत राहिलेला असू शकतो. काटा मोडल्याचे नक्की आठवत असेल आणि जागा सुजली असेल, तर ती घासत बसू नये. काटा काढून घ्यावा.

चामखीळ तळपायावर झाली की ती आत दबली जाते आणि कुरुपासारखी दिसते. फरक असा की, तिच्यात काळे ठिपके दिसतात, कातडीवरच्या रेषा तिच्यापाशी येऊन तुटतात आणि वरून दाबण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर ती अधिक दुखते. चामखीळ विषाणूमुळे होते. ती घासली तर तिचा संसर्ग आजूबाजूला आणि घरातल्या इतरांना पोहोचू शकतो.

संपूर्ण तळवा कोरडा, पांढुरका, कोंडा पडल्यासारखा झाला असेल, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील, नखे जाड आणि पिवळी झाली असतील, तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी. तिथे दगड नव्हे, औषध लागते. लहानपणापासूनच दोन्ही तळवे जाड असतील किंवा तळहातांवरही तसेच असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

घरी कसे करावे?

मधुमेह नाही, पायात रक्ताभिसरणाचा दोष नाही, स्पर्श नीट कळतो आणि जखम नाही, अशा माणसाने साधा घट्टा घरी कमी करायला हरकत नाही. त्याची रीत अशी.

पाय कोमट साबणाच्या पाण्यात १० ते १५ मिनिटे बुडवून ठेवावेत. पाणी कोपराने तपासावे. बाळाला न्हाऊ घालताना जसे सोसवेल असे पाहतो, तसेच. कोरडी कातडी पाणी पिऊन फुगते आणि मऊ होते. मग घासायला जोर लागत नाही.

नंतर ओला दगड किंवा वजरी घेऊन ओल्या कातडीवर एकाच दिशेने किंवा लहान गोलाकारात हलक्या हाताने घासावे. दोन-तीन मिनिटे पुरे. आजूबाजूची निरोगी कातडी घासू नये. गुलाबी रंग दिसू लागला, चुरचुरले किंवा ऊब जाणवली की थांबावे. महिनोन्‌महिने साचलेला थर एका बैठकीत काढायचा नसतो. आठवड्यातून दोन-तीनदा, असे दोन-तीन आठवडे केले की तो आपोआप पातळ होतो. थोडा घट्टा शिल्लक ठेवायचाच असतो, कारण ती ढाल आहे.

साधन कोणतेही चालेल, पण ते बोथट हवे. बाजारात मिळणारा सच्छिद्र, हलका दगड हा ज्वालामुखीच्या फेसाळ लाव्ह्यातून तयार होतो. वायूचे बुडबुडे त्यात अडकलेले असतात, म्हणून तो पाण्यावर तरंगतोही. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. पण इथला काळा पाषाण घट्ट आणि जड आहे. विटेची वजरी चांगली. धातूची वजरी वापरत असाल तर तिच्या धारा झिजून टोकदार झालेल्या नाहीत, हे पाहावे. खिसणीसारखे धातूचे यंत्र टाळावे. ते मेलेली आणि जिवंत कातडी यांत भेद करत नाही. वापरल्यावर साधन साबणाने धुऊन उन्हात वाळवावे आणि ते प्रत्येकाचे वेगळे असावे.

मग पाय टिपून कोरडे करावेत, विशेषतः बोटांच्या बेचक्या. लगेच, पाच मिनिटांच्या आत, मलम लावावे, म्हणजे कातडीने प्यालेले पाणी आतच राहील. पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल यासाठी पुरेसे आहे. घाटाखाली कोकणात भेगांमध्ये भरतात ते कोकमाचे तेलही हेच काम करते. फक्त ते वितळवून कोमट झाल्यावर लावावे, कढत नव्हे. वरून सुती मोजे घालून झोपावे. बोटांच्या बेचक्यांत मात्र मलम लावू नये; तिथे ओल राहिली की चिखल्या होतात.

जाड घट्ट्यासाठी औषधाच्या दुकानात युरियाचे मलम मिळते. ऊस पिकवणाऱ्याला हे नाव ऐकून नवल वाटेल, पण रेणू तोच आहे. युरिया आपल्या त्वचेतही नैसर्गिकरीत्या असतो आणि पाणी धरून ठेवतो. १० टक्क्यांचे मलम कोरडेपणासाठी, २० ते २५ टक्क्यांचे जाड कातडी सैल करण्यासाठी वापरतात. हे औषधी मलमाबद्दल झाले. पोत्यातला खताचा युरिया पायाला लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

हे मात्र करू नये

पहिले म्हणजे पाते, चाकू, नेलकटर किंवा कात्रीने कापणे. पाते किती खोल गेले हे आपल्याच तळव्यावर वाकून पाहताना कळत नाही. दाढीचे पाते निर्जंतुक नसते आणि तळपाय तर नाहीच. शिवाय कापलेल्या जागी दाब तसाच राहिल्याने घट्टा काही आठवड्यांत परत येतो. पार्लरमध्ये पेडिक्युअर करताना कोणी पाते काढले, तर तिथेही नको म्हणावे.

दुसरे म्हणजे बिब्बा. टाचेला, कुरुपाला, काटा मोडलेल्या जागी बिब्ब्याचा चटका देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. धोबी कपड्यांवर खुणा करायला वापरत तो हाच बिब्बा. त्याच्या तेलातल्या द्रव्याने कातडी भाजते, फोड येतात आणि ज्याला त्याची ॲलर्जी आहे, त्याच्या अंगभर खाज पसरते. रुईचा चीक, चुना, ॲसिड यांचीही गत तीच. जळलेल्या जागी नवी कातडी येईपर्यंत जंतूंना दार उघडे असते.

तिसरे म्हणजे न विचारता लावलेली कुरुपाची पट्टी. या पट्ट्यांमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असते, अनेकदा ४० टक्के. ते कडक कातडी विरघळवते आणि नीट वापरले तर उपयोगीही आहे. पण औषधाला कुरूप आणि शेजारची चांगली कातडी यांतला फरक कळत नाही. पट्टी सरकली की चांगली कातडी जाते. बधिर पायावर ही पट्टी म्हणजे न दुखता पडणारी जखम. मधुमेहींनी ती कधीही लावू नये. पायाला धोका असलेल्या मधुमेहींनी कुरूप काढण्यासाठी कोणतेही रसायन वापरू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात.

वेदना नसते तेव्हा

बधिर पायात नेमके काय होते, हे समजायला कुष्ठरोगाच्या इतिहासाने मोठी मदत केली. मिरजेत रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय आहे, त्यामुळे या भागाला हा आजार परका नाही. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ मध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला काम करताना एक गोष्ट दाखवून दिली. कुष्ठरुग्णांची बोटे आणि पावले रोगानेच सडतात असे मानले जाई. प्रत्यक्षात वेदना न कळल्याने होणाऱ्या जखमांवर ते तसेच चालत राहत आणि त्यातून पाऊल झिजत जाई. यातूनच बधिर पायांसाठी मऊ, सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला वापरात आल्या. एमसीआर चप्पल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चपला आज मधुमेहींनाही सुचवल्या जातात.

मधुमेहात हीच गोष्ट घडते. बधिर तळव्यावर घट्टा असला तर तो बुटात अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मांसावर दाबत राहतो. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि घट्ट्याखाली, बाहेरून न दिसणारी, जखम तयार होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात मधुमेहींच्या तळव्यावरचे घट्टे काढल्यावर त्या जागचा दाब सुमारे चतुर्थांशाने उतरलेला आढळला. म्हणजे मधुमेहीचा घट्टा काढायलाच हवा; पण तो डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षित व्यक्तीने. घट्ट्यात काळा-लालसर डाग दिसला तर आत रक्तस्राव झाला आहे असे समजावे आणि त्याच दिवशी दाखवावे.

आपल्याकडे त्यासाठी दूर जावे लागत नाही. रक्तातील साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळते. पुढच्या उपचारांसाठी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

दाब हटवा, घट्टा हटेल

दाब तसाच ठेवून घट्टा काढणे म्हणजे गळका नळ बंद न करता फरशी पुसत राहणे. म्हणून घट्टा कुठे आहे ते पाहावे. करंगळीच्या वर असेल तर बूट अरुंद आहे. टाचेच्या कडेला असेल तर चप्पल मागून आखूड किंवा झिजलेली आहे. चवड्याखाली असेल तर तळ पातळ आणि कडक आहे. चप्पल संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे अंगठाभर जागा असावी आणि टाच बाहेर येऊ नये.

आषाढी वारीला निघणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत पुढे जाते. आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट अनेक जण अनवाणी चालतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात टाचा घासून गुळगुळीत करू नयेत. ढाल काढून लढायला जाण्यासारखे ते होईल. भेगा मलमाने मऊ कराव्यात, घट्टे राहू द्यावेत. मधुमेही वारकऱ्याने मात्र अनवाणी चालू नये. तापलेल्या डांबराचा चटका त्याला कळेलच, याची खात्री नसते.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीकरांनी दिवसेंदिवस पाण्यात पाय ठेवून काढले. फार वेळ भिजलेली कातडी पांढरी, भुसभुशीत होते. ती घासली तर सालटे निघतात. आधी पाय कोरडे होऊ द्यावेत. पुराच्या आणि शेतातल्या साचलेल्या पाण्यात जनावरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि ते भेगांमधून शरीरात शिरतात. त्यामुळे अशा पाण्यात उतरण्याआधी गमबूट घालावेत आणि घरी आल्यावर पाय धुऊन पुसावेत. नंतर ताप आणि पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले तर पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

भेगेतून रक्त येत असेल, जागा लाल, गरम किंवा सुजलेली असेल, पू किंवा दुर्गंधी असेल, लाल रेघ वर चढत असेल किंवा दोन-तीन आठवडे नियमित काळजी घेऊनही कुरूप चालू देत नसेल, तर घरगुती उपाय थांबवावेत. ज्यांना वाकून तळवा दिसत नाही, त्यांनी जमिनीवर आरसा ठेवून त्यात पाहावे किंवा घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे. रोज रात्री झोपण्यापूर्वी या कामाला दोन मिनिटे पुरतात.